लिनक्सवर गेमिंग: बातमीवर हुरळण्याआधी काय तपासायचं

"आता लिनक्सवर सगळे गेम चालतात म्हणे. टाकू का मग?" असा निरोप मला अधूनमधून येतो. त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते. मी स्वतः गेमसाठी लिनक्सच वापरते आणि ओपन सोर्सच्या बातम्या वाचायचं मला व्यसन आहे. पण बातमी असते साऱ्या जगासाठी. तुमच्याकडे मात्र एकच मशीन, मोजके आवडते गेम आणि शनिवारची संध्याकाळ. त्यातलं आपल्याला लागू पडणारं काय आणि नुसती आतषबाजी काय, हे ओळखायची माझी पद्धत पुढे सांगते.

आधी गेमची यादी

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात खरंच उघडलेले गेम लिहा. सेलमध्ये घेऊन तसेच पडलेले गेम सगळ्यांकडे असतात. ते चालले काय नि न चालले काय. आता यादीतल्या ऑनलाइन स्पर्धेच्या गेमवर खूण करा. निर्णय या खुणांवर ठरणार आहे. ग्राफिक्स कार्ड, डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच), कर्नलची म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची आवृत्ती हे सगळं नंतर.

याचं कारण अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर. विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते वाइनमुळे. त्याचं काम १९९३ पासून सुरू आहे. गेम विंडोजकडे जे जे मागतो, ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतो. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर प्रोटॉन उभा केला आणि थेट स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात बसवला, तेव्हापासून हे प्रकरण हौशी मंडळींच्या बाहेर पडलं. पण काही अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्येच ड्रायव्हर म्हणून जाऊन बसतात. वाइनकडे विंडोजचा कर्नल नाहीच, त्यामुळे अशा ड्रायव्हरला बसायला जागा मिळत नाही. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचा व्हॅन्गार्ड या जातीचा. तिथे खटपट करू नका, आणि "ही एक ट्रिक वापरा" छापाचे व्हिडिओही बघू नका. अकाउंट बॅन झालं तर व्हिडिओवाला ते सोडवून द्यायला येणार नाही.

दुसरी जात जास्त चीड आणणारी आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींचा प्रोटॉनसाठीचा सपोर्ट सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. म्हणजे तांत्रिक वाट मोकळी झाली, पण ती आपल्या गेमसाठी उघडायची की नाही, हे गेमची कंपनी ठरवते. ईझी अँटी-चीट एपिकच्याच मालकीचं, तरी एपिकचा फोर्टनाइट लिनक्सवर नाही. एपेक्स लेजेंड्स तर चालत होता, लोक स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचा लिनक्सवर चालणारा हातातला कन्सोल) मजेत खेळत होते, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला लिनक्सवाल्यांना दार बंद झालं. लिनक्सच्या वाटेने चीटर येतात, हे त्यामागचं कारण. मला ते अर्धंच पटतं. ज्या कर्नलमध्ये कुणीही बदल करू शकतो, त्यावर खेळणाऱ्याची खात्री करून घेणं अवघड आहे हे खरं. पण विंडोजच्या कर्नलमध्ये ठाण मांडूनही चीटर संपलेले नाहीत, हेही तितकंच खरं.

तेव्हा खुणा केलेला प्रत्येक गेम 'आर वुई अँटी-चीट यट' या साइटवर शोधा. तिथे 'सपोर्टेड' लिहिलं असेल तर कंपनीने मान्यता दिलेली आहे. 'रनिंग' असेल तर आज चालतो आहे, उद्याची हमी कुणी दिलेली नाही. 'डिनाइड' असेल तर विषय संपला.

माझा भाचा व्हॅलोरंटशिवाय दुसरं काही खेळत नाही. त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "तू विंडोजवरच राहा." ओपन सोर्सचा ढोल बडवणाऱ्या मावशीकडून त्याला ही अपेक्षा नव्हती. पण यादीत असा एकच गेम असेल आणि तोच मित्रांबरोबर खेळायचा असेल, तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाका. एकट्याने खेळायच्या गेमचीच यादी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

मशीन झेपेल का

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि "जुन्या मशीनला लिनक्स नवजीवन देतो" या बातम्यांना ऊत आला. ब्राउझर, मेल, सिनेमे यांच्यापुरतं ते बरोबर आहे. गेमच्या बाबतीत मात्र एक अट असते आणि ती बातमीत सहसा नसते. प्रोटॉनमध्ये डीएक्सव्हीके नावाचा एक थर आहे. विंडोजच्या गेमची ग्राफिक्सची भाषा म्हणजे डायरेक्टएक्स. तिच्या ८ ते ११ या आवृत्त्या तो व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत बदलतो. (फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरने ते सुरू केलं, कारण त्याला नियर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता. मला ही प्रेरणा फार आवडते.) नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून कार्डाला व्हल्कन १.३ यावं लागतं, आणि प्रोटॉन ८ पासून तीच अट लागू झाली.

म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सेशन (काही न बसवता थेट चालणारा लिनक्स) सुरू करा, व्हल्कन टूल्सचं पॅकेज घाला आणि 'व्हल्कनइन्फो' चालवून तुमच्या कार्डाच्या नोंदीतला व्हल्कनच्या आवृत्तीचा आकडा बघा. १.३ किंवा जास्त असेल तर पुढे चला. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीची कार्डं, हॅसवेलच्या काळातले इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स इथेच अडकतात. त्यांच्यासाठी स्टीममध्ये प्रोटॉन ७ निवडता येतो, काही गेम त्यावर छान चालतात, पण मशीन नवं होईल या आशेने सगळं पुसून बसू नका.

डिस्ट्रोबद्दल मी दोनच वाक्यं बोलणार, कारण या विषयावर माणसं नाती तोडतात. एएमडीचं कार्ड असेल तर फेडोरा किंवा लिनक्स मिंट यांच्यातलं जे आवडेल ते घ्या. टीव्हीला जोडून गेमपॅडवर खेळायचं असेल तर बॅझाइट बघा, ते त्याच कामासाठी जुळवलेलं आहे.

स्टीममध्ये काय दाबायचं

स्टीम बसवल्यावर सेटिंग्जमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जा आणि सगळ्या गेमसाठी प्रोटॉनची परवानगी चालू आहे ना ते बघा. नव्या आवृत्त्यांत ती मुळातच चालू असते. मग यादीतला सगळ्यात साधा गेम आधी उतरवा. लोकांचा कल सगळ्यात जड गेम आधी लावून बघण्याकडे असतो, आणि तो बिघडला की दोष कार्डाचा, ड्रायव्हरचा की गेमचा हे कळायला मार्ग नसतो.

गेम ठेवायची जागा नीट निवडा. विंडोजची एनटीएफएस पार्टिशन तशीच जोडून त्यातलीच स्टीम लायब्ररी वापरायचा मोह होतो, पुन्हा डाउनलोड नको म्हणून. ते टाळा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतो. त्यात सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) असतात आणि विंडोजला न चालणारी चिन्हं नावांत असतात. एनटीएफएसवर ती गडबड करतात. गेम सुरूच होत नाही आणि एररही दिसत नाही, अशा तक्रारींत हे कारण बरेचदा निघतं. ईएक्सटी ४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर जागा करा.

ते खोटं विंडोज स्टीमच्या लायब्ररीत 'कम्पॅटडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये, गेमच्या क्रमांकाखाली असतं. हे लक्षात ठेवा, कारण गेम अडला की "तो फोल्डर उडवा, पुन्हा तयार होतो" असा सल्ला हमखास मिळतो. होतो तयार, पण ज्या गेमला क्लाउड सेव्ह नाही, त्याचा खेळ त्याच फोल्डरमध्ये असतो. उडवण्याआधी कॉपी काढा.

गेम चालतोय पण कटसीनच्या (गोष्ट सांगणाऱ्या व्हिडिओच्या) जागी रंगीत पट्टे दिसतायत? तो व्हिडिओ उलगडणारा कोडेक नाही. अशा वेळी जीई-प्रोटॉन ही समाजाने बांधलेली आवृत्ती 'प्रोटॉनअप-क्यूटी'तून घ्या आणि फक्त त्या गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन ती निवडा. सगळ्याच गेमना ती सरसकट लावणारे लोक मला समजत नाहीत. व्हॉल्व्हचा प्रोटॉन चालत असेल तर त्याला हात लावायचं कारण काय?

एक उलटी गोष्टही सांगते. गेमची खास लिनक्स आवृत्ती असली की आपण आनंदाने तीच घेतो. पण कितीतरी कंपन्यांनी ती एकदा काढून वाऱ्यावर सोडलेली असते. विंडोजच्या आवृत्तीला पॅच मिळत राहतात, हिला नाही. अशी आवृत्ती कुरकुर करत असेल तर बिनदिक्कत प्रोटॉन लावा. यात तत्त्वाशी तडजोड वगैरे काही नाही, गेम दोन्हीकडे बंद कोडचाच आहे.

स्टीमबाहेर एपिक आणि जीओजी या गेमच्या दुकानांसाठी हिरोइक लाँचर आहे, इतरांसाठी लुट्रिस. दोन्ही चांगले.

प्रोटॉनडीबी या साइटवर कुठला गेम कसा चालतो याच्या लोकांच्या नोंदी असतात, त्या वाचायचीही रीत आहे. वरचं 'प्लॅटिनम', 'गोल्ड' हे पदक म्हणजे सरासरी, तिच्यावर जाऊ नका. खाली उतरून गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या नोंदी बघा आणि तुमच्या कार्डाच्या कंपनीची नोंद शोधा. "उत्तम चालतो, फक्त लाँचर काढून टाकावा लागला, मल्टिप्लेअर बघितलं नाही" अशी नोंदसुद्धा वर पदकच वाढवत असते.

वेगाच्या बातम्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एनटीसिंकचं उदाहरण घ्या. विंडोजच्या गेममधले अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांची वाट बघतात. ही वाट बघण्याची विंडोजची पद्धत लिनक्स कर्नलमध्येच आणणारा हा ड्रायव्हर. वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी तो लिहिला आणि मार्च २०२५ मधल्या ६.१४ कर्नलमध्ये तो वापरायला तयार झाला. त्याबरोबर दिलेल्या तक्त्यात डर्ट ३ हा गेम सेकंदाला ११०.६ वरून ८६०.७ फ्रेमवर गेला होता. सहाशे टक्क्यांच्या वर वाढ! हा मथळा जगभर फिरला. पण ती तुलना साध्या वाइनशी होती. प्रोटॉनमध्ये ईसिंक आणि एफसिंक हे तोडगे आधीपासून आहेत आणि वेगातला मोठा भाग त्यांनी तेव्हाच मिळवून दिला होता. ज्यांनी एनटीसिंक आल्यावर स्टीमवरचा गेम उघडला, त्यांना बहुतेक ठिकाणी काहीच फरक जाणवला नाही. काम खोटं नव्हतं, उलट फार चांगलं होतं, कारण जुने तोडगे मूळ वाइनमध्ये कधीच घेतले गेले नाहीत आणि हा रस्ता अधिकृत झाला. मथळ्याने मात्र सांगितलं भलतंच.

म्हणून वेगाची बातमी आली की पहिला प्रश्न: कशाच्या तुलनेत? दुसरा प्रश्न: कुठल्या आकड्यावर? दहा टक्के वाढ म्हणजे ३०० फ्रेमच्या ३३० झाल्या असतील, तर एका फ्रेमला लागणारा वेळ ३.३ मिलिसेकंदांवरून ३.० वर आला. तुमच्या डोळ्यांना ते कळणार नाही. तेच दहा टक्के ४० वरून ४४ असतील तर २५ मिलिसेकंदांचे २२.७ होतात, आणि ते हाताला जाणवतं. शिवाय सरासरी सोडून '१ टक्का लो' (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा शोधा. गेम अडखळतो तो तिथे. तो दिलाच नसेल तर लेख मिटवून टाका.

स्वतः मोजायचं असेल तर मँगोहड बसवा. गेमवर कोपऱ्यात फ्रेम, फ्रेमचा वेळ, तापमान सगळं दिसतं. मोजताना एकच जागा, एकच सेव्ह, आणि पहिली फेरी सोडून द्यायची, कारण तेव्हा शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात.

टक्क्यांच्या बातम्याही तशाच. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत लिनक्सचा हिस्सा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा तीन टक्क्यांवर गेला, ही मोठी गोष्ट आहे, मीही खूश झाले. पण पाहणी नमुन्यावर चालते आणि एखाद्या महिन्यात चिनी भाषेत स्टीम वापरणाऱ्यांचा वाटा उसळला की बाकी सगळ्यांचे आकडे खाली सरकतात. पुढच्या महिन्यात "लिनक्स घसरला" असं वाचलंत तर सहा महिन्यांची रेघ बघा.

"कोड खुला झाला" म्हणजे नक्की काय खुलं झालं

ही बातमी वाचली की मी तीन गोष्टी शोधते: कोड कुठला, डेटा आहे का, परवाना कोणता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ईएने कमांड अँड कॉन्कर मालिकेतल्या काही गेमचा कोड जीपीएल ३ या परवान्याखाली खुला केला, जनरल्सही त्यात होता. कुणालाही तो वाचता, बदलता, वाटता येतो. पण चित्रं, आवाज, नकाशे त्यात नाहीत. खेळायला विकत घेतलेली प्रत लागतेच. हा शिरस्ता जुना आहे. आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये डूमचा कोड दिला तेव्हाही लेव्हल आणि राक्षस ज्या वॅड फाइलमध्ये असतात, ती दिली नव्हती. शिवाय डॉसच्या आवृत्तीत वापरलेली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती, म्हणून लिनक्सची आवृत्ती प्रसिद्ध करावी लागली. पुढे फ्रीडूम प्रकल्पाने सगळा डेटाच नव्याने आणि मोकळ्या परवान्याखाली बनवला. तेव्हा इंजिन एकीकडून, फ्रीडूम दुसरीकडून घेतलं की एक पैसाही न देता आणि कुणाचाही हक्क न मोडता डूमच्या जातीचा अख्खा गेम हातात येतो. ओपनटीटीडीचंही (ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या जुन्या गेमचा खुला अवतार) तसंच: पूर्वी मूळ गेमच्या फाइल लागायच्या, आता ओपनजीएफएक्स हा मोकळा चित्रसंच आहे.

एनव्हिडियाची बातमी यापेक्षा फसवी होती. मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूल खुलं केलं, ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. मथळे आले, "एनव्हिडियाचा ड्रायव्हर ओपन सोर्स". खुला झाला तो कर्नलमधला भाग. व्हल्कन आणि ओपनजीएल सांभाळणारा वरचा भाग बंदच राहिला, आणि खालचा बराचसा कारभार कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये आहे, तोही बंद. तरी त्याचा उपयोग झाला. मेसा या लिनक्सच्या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरसंचात एनव्हीके नावाचा खराखुरा खुला व्हल्कन ड्रायव्हर घडतो आहे. तो वापरून बघा, पण रोजच्या खेळासाठी मी अजून कंपनीचाच ड्रायव्हर ठेवायला सांगते.

आणि कोड खुला असला म्हणजे कायदा लांब राहतो असंही नाही. युझू हा निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचा एम्युलेटर (त्याचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) पूर्ण ओपन सोर्स होता. निन्टेन्डोने २०२४ मध्ये दावा लावला, आठवडाभरात तडजोड झाली, २४ लाख डॉलर्स आणि प्रकल्प बंद. अशा बंद पडलेल्या प्रकल्पांच्या "पुढच्या आवृत्त्या" अनोळखी खात्यांवर उगवतात. त्या उतरवू नका.

परवान्यापुरतं एवढं पुरे: जीपीएल असेल तर बदल करून वाटणाऱ्याला कोडही द्यावा लागतो. एमआयटी असेल तर तेही बंधन नाही. गोडो हे गेम बनवायचं इंजिन त्या परवान्याखाली आहे, म्हणून त्यावर बनवलेला गेम खुशाल बंद ठेवता येतो. २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने गेम इन्स्टॉल होण्यावर शुल्क जाहीर केलं तेव्हा गोडोकडे रीघ लागली ती याचमुळे. युनिटीने वर्षभराने ते शुल्क मागे घेतलं, पण गेलेले सगळे परत आले नाहीत. आणि "सोर्स अव्हेलेबल" लिहिलेलं दिसलं, तर ते ओपन सोर्स धरू नका. बघायला मिळेल, वापरायला मिळेलच असं नाही.

मुळातूनच खुले गेम

यांच्या बातम्या कमी येतात, कारण यांच्यामागे जाहिरातीचा पैसा नाही. झिरो ए.डी. पासून सुरुवात करा, प्राचीन काळातली साम्राज्यं आहेत, मौर्य आहेत, हत्तींसकट. अनेक वर्षं 'अल्फा' म्हणवून घेत होता, पण त्या शब्दाला घाबरू नका. बॅटल फॉर वेसनॉथ २००३ पासून आहे. आळीपाळीने चाली, दिवस-रात्रीप्रमाणे सैनिकांची ताकद बदलते, आणि सत्तर टक्के शक्यतेचे चार वार हुकले की शिव्या कुणाला द्यायच्या तेच कळत नाही. मुलं घरात असतील तर सुपरटक्सकार्ट. माइनक्राफ्टसारखं काही हवं असेल तर लुआंटी, २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. नुसतं उघडलं की ओकंबोकं वाटतं, कारण ते इंजिन आहे, आतून माइनक्लोनिया हा गेम उतरवा.

हे डिस्ट्रोच्या भांडारातून न घेता फ्लॅटहब या सगळ्या डिस्ट्रोंना चालणाऱ्या अ‍ॅपच्या साइटवरून घ्या. भांडारातली आवृत्ती मागे राहते आणि ऑनलाइन खेळताना सर्व्हर तिला आत घेत नाही.

बिघडलं तर

तक्रार नोंदवायला कचरू नका, पण नीट नोंदवा. प्रोटॉनच्या गिटहबवर प्रत्येक गेमचा एक धागा असतो, नवा उघडण्याआधी तो शोधा. स्टीमच्या 'हेल्प'मध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' आहे, ती पूर्ण जोडा. गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केलात की होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची फाइल तयार होते, तीही द्या. लॉगमध्ये तुमचं युजरनेम असतं, नको असेल तर आधी बदला. "अपडेटनंतर चालत नाही" असं लिहिलंत तर कशाच्या अपडेटनंतर ते लिहा: गेम, प्रोटॉन, मेसा की कर्नल. जुना प्रोटॉन निवडून तो चालतो का हे पाहिलं असेल तर अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं. आणि नंतर तुमचं तुम्हाला जमलं, तर कशाने जमलं ते तिथे येऊन लिहा. "झालं, थँक्स" एवढंच लिहून गायब झालेल्या लोकांमागे मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत.